प्रश्न चौदावा

लिंकन शहरात, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
बावीस खुर्च्या, बावीस हेडफोन,
ताशी साडेआठ डॉलर.
संध्याकाळी पाच ते नऊ
मी नेब्रास्काची जेवणं थंड करते.

प्रश्न तेरावा : राष्ट्राध्यक्षांचं काम कसं वाटतं?
पूर्ण पसंत, थोडंफार पसंत,
थोडंफार नापसंत, पूर्ण नापसंत.
प्रश्न चौदावा : या युद्धात मेलेल्या कुणाला
तुम्ही स्वतः ओळखत होता का?
हो. नाही.

पुस्तिकेत ठळक छापलंय, क्रम बदलू नये.
आधी नेता, मग मेलेला.
उलटं विचारलं तर
माणसं विचार करायला लागतात.

ओमाहाचा दंतवैद्य घाईत होता.
पूर्ण पसंत. नाही.
बाकीचं इतिहास ठरवील, म्हणाला,
आणि कुणाला तरी मीठ मागितलं.

मग ब्रोकन बो गावची एक बाई, केक करणारी.
तेराव्याला पूर्ण पसंत. चौदाव्याला थांबली.
"ओळखणं म्हणजे नक्की कसं, बाळ?
स्टेहलिकांचा कोल्बी. त्याची शाळा संपली
तेव्हा केकवर मीच नाव काढलं, निळ्या साखरेनं.
आडनावातला एच राहूनच गेला.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
त्यानं जिथे एच हवा होता तिथे बोट फिरवलं,
चाटलं, म्हणाला, आता कुणाला कळणार नाही.
हे धरतात का ओळखीत?"

मी पुस्तिका चाळली.
केकचा उल्लेख नव्हता.
हो, म्हटलं, धरतात.

"मग ते तेरावं खोड."
खोडता येत नाही, बाई. स्क्रीन पुढे गेला.
"माझ्या अंगणात अजून त्यांची पाटी आहे, तरी सांगते. खोड."

त्या आठवड्यात मशीन पुन्हा पुन्हा
त्याच गावाचे आकडे फिरवत राहिलं.
शाळेच्या बसचा ड्रायव्हर,
ज्याला तो नेहमी मागच्या सीटवर झोपलेला सापडायचा.
गोठलेल्या तळ्यातून ज्याचं वासरू त्यानं ओढून काढलं तो म्हातारा,
जो आधी कोल्बीबद्दल नाही, वासराबद्दलच बोलला
बराच वेळ,
आणि मग एकदम म्हणाला, नापसंत.
कुठलं नापसंत, मी विचारलं. पूर्ण की थोडंफार?
"वासरू जगलं," तो म्हणाला.

गुरुवारी साडेआठला तो नंबर लागला.
नाव स्क्रीनवर येत नाही, आवाजही काही सांगत नाही.
पूर्ण पसंत, ती म्हणाली, आणि चौदाव्याला : हो.
"माझा मुलगा."
तिच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती.
"तेरावं नीट लिहिलंस ना? पूर्ण.
कारण त्या माणसाचं चुकलं असेल,
तर मग—"

'तर मग'ला चौकोन नाही.

तेवढ्यात त्याच लाइनवर, घरातल्या दुसऱ्या फोनवरून
पुरुषाचा आवाज, घसा खाकरत :
"माझं वेगळं आहे. माझं पण घे."
एका घरामागे एकच उत्तर, सर. नियम आहे.
"असं?"
दोघंही लाइनवर होते.
कुणीच फोन ठेवेना.
शेवटी मीच ठेवला, आणि त्याचीही नोंद करावी लागते :
मुलाखत पूर्ण.

शनिवारी सुपरवायझर आर्लो पिझ्झा घेऊन आला.
राष्ट्राध्यक्ष दोन टक्क्यांनी खाली.
तीन टक्के इकडेतिकडे धरायचेच असतात, तो म्हणाला,
म्हणजे काहीच झालेलं नाही.
टीव्हीवरचा माणूस पेट्रोलच्या भावाबद्दल बोलत होता.

मला कुणी फोन करत नाही.
केला, तर तेराव्याचं उत्तर तयार आहे,
ते पुष्कळ दिवस तयारच होतं.
चौदाव्याला मी अडकेन.
मी ब्रोकन बोला कधी गेले नाही,
त्याचा फोटो पाहिला नाही.
फक्त त्याच्या नावात एच कुठे नव्हता,
तेवढं मला ठाऊक आहे.